शिंगं येऊ नयेत म्हणून

किळस हा शब्द मी आजवर स्वयंपाकघरापुरता ठेवला होता. दुधात पडलेली माशी, आंबलेलं वरण, मोरीच्या जाळीत अडकलेला केसांचा गुंता. माणसांसाठी तो वापरायची वेळ गेल्या वर्षी आली. आणि त्या माणसांत पहिली मी स्वतःच होते, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं मी दुसऱ्यांना बोलायला लागले की तुम्ही म्हणायला नको, म्हातारी स्वतःला सोडून सगळ्यांना धुऊन राहिली.

आम्ही सीमेपलीकडं, इंदूरच्या बाजूच्या लालबागेत राहतो. माझे यजमान कागदाच्या मिलमध्ये होते. जळगावकडून दोन ट्रंका घेऊन आलो आणि इथलेच झालो. शाळा माझी चौथीत सुटली. पुढचं वाचायला शिकले ते यजमान मिलमधून रद्दीची पानं आणत त्यांवर. मराठी, हिंदी, जे हाताला लागेल ते. म्हणून माझ्या लिहिण्यात हिंदी डोकावते, ती तशीच राहू द्या. आता घरात मी, मुलगा, सून आणि नात. नात पंधरा वर्षांची, आणि तिचं सगळं आयुष्य म्हणजे कबड्डी. घरात चालताना पण दाराच्या चौकटीला हात लावून मागं पळायची. सून म्हणायची, "अगं, हे घर आहे, मैदान नाही." ती म्हणायची, "मम्मी, तू आउट."

त्या शनिवारी शेजारच्या दापोरा गावच्या मुलींशी सामना होता. आठ दिवसांनी संभागाच्या, म्हणजे विभागाच्या, संघाची निवड होती, इंदूरला जायचं, तिथून पुढं राज्याच्या संघात जायची वाट. मुलगा तर महिनाभर दुसरं बोलतच नव्हता. त्याला स्वतःला काही खेळता आलं नाही, मिलच्या शिफ्टमध्ये बाप आणि मग तो, म्हणून पोरीच्या पायात त्याचा जीव.

मैदानाच्या कडेला आम्ही बायका बसलो होतो. जमीन अशी की बसायच्या आधी बघावं लागतं, गुटख्याच्या पिचकाऱ्यांनी लाल नक्षी झालेली. नात चढाईला गेली. समोरून दापोऱ्याची एक पोरगी, हिच्याच उंचीची, पकडायला तिरकी धावली. ही त्याच वेळी खाली वाकली. दोघींची डोकी एकमेकींवर बसली. आवाज आला तो मी लिहू शकत नाही. आमच्या रांगेतल्या एका बाईच्या हातातला भजा खाली पडला, एवढं सांगते.

दोघी जमिनीवर बसल्या. रक्त नाही, काही नाही. नातीच्या कपाळाच्या वर, भांगाजवळ, बघता बघता टेंगूळ आलं. "टेंगूळ आलं ना, मग चांगलं," शेजारीण म्हणाली, "मार बाहेर निघाला. आत काही राहिलं नाही." आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. आम्हां सगळ्यांना हे माहीतच होतं.

खेळाचे सर आले. तोंडात गुटखा, म्हणून बोलायच्या आधी बाजूला थुंकले. गोळेवाल्याकडून बर्फाचा तुकडा घेतला, काल्या खट्ट्याचा रंग लागलेला, आणि तो पोरीच्या टेंगळावर घासला. रंग कपाळावरून भुवईत उतरला. "कुछ नहीं हुआ. उठ शेरनी, उठ."

आणि मग मी उठले. हसत हसत. आमच्याकडं दोघांची डोकी आपटली की परत एकदा आपटायची, नाहीतर शिंगं येतात. लहानपणी आम्ही बहिणी-बहिणी करायचो, मुलाचं केलं, सगळ्यांचं केलं. मी एका हातात माझ्या नातीचं डोकं धरलं, दुसऱ्यात त्या दापोऱ्याच्या लेकराचं, आणि टक् करून दोन्ही टेकवली. "घ्या गं बायांनो, आता शिंगं नाही येणार!" सगळं मैदान हसलं. दापोऱ्याची पोरगी पण हसली बिचारी. माझी नात हसली नाही. ती माझ्याकडं बघत होती, पण मला बघत नव्हती. तेव्हा मला वाटलं, हरायची भीती.

दोघी परत खेळल्या. मध्यंतरानंतर आमची नात चालत चालत दापोऱ्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली. त्यांच्या रांगेत. लोक खो खो हसले, कोणी ओरडलं, "अरे, पार्टी बदल ली!" मी पण हसले. नंतर ती आणखी एकदा पाठीवर पडली, तरी उठली, आणि सामना आम्ही जिंकलो.

घरी येऊन ती पलंगावर बसली, बूट सोडत होती, एक सुटला, दुसरा तसाच पायात. मला विचारते, "आजी, मॅच किती वाजता आहे?"

"अगं, खेळून आली ना तू!"

"हाव का," म्हणाली. थोड्या वेळानं परत, "मॅच किती वाजता आहे?"

सुनेनं मला डोळ्यांनी खुणावलं, की दमली आहे. मुलगा मावा जलेबी घेऊन आला. आमच्या इथली ती काळी, जाड, तुपातली. पोरीनं दोन खाल्ल्या आणि सकाळी उठून उलटी केली. एकदा, मग पुन्हा. चादर, उशी, जमीन, सगळं. मी पुसलं. पुसताना मला उलटीची किळस नाही आली, जन्मभर लेकरांचं पुसलंय. मी म्हणाले, "जलेबी बाधली." मुलगा म्हणाला, "जलेबी बाधली." सून म्हणाली, "तुपाचंच असेल काहीतरी." दिवसभर आम्ही तिघं त्या जलेबीवाल्याला शिव्या देत होतो. ज्याचा काही दोष नाही असा एकच माणूस या गोष्टीत आहे आणि आम्ही त्यालाच धरलं.

दुपारी सुनेनं चटणीसाठी मिक्सर लावला तर पोरगी कान दाबून रडायला लागली. खिडकीचा उजेड नको, टीव्ही नको. मुलगा तिला तो सामन्याचा व्हिडिओ दाखवायला गेला तर तिनं मोबाईल ढकलला. हो, व्हिडिओ. कोणीतरी टकरीचा तेवढाच तुकडा काढून त्याला गाणं लावलं होतं, आणि वरून माझं ते टक् करणं. नातेवाईकांच्या ग्रुपवर माझी जाऊ, माझे भाचे, सगळे हसून राहिले. भुसावळहून माझ्या नणंदेचा फोन, "वहिनी, तुम्ही तर हिरोईन झाल्या!" मी तो तुकडा किती वेळा बघितला म्हणता? दर वेळी पोरीचे डोळे दिसतात. मध्येच विझल्यासारखे. आणि बाजूला मी, दात काढत.

गल्लीतल्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी डोक्याकडं बघितलंसुद्धा नाही. "कमजोरी आहे," म्हणाले, एक इंजेक्शन दिलं, ताकदीचं. सोमवारी शाळेत पाठवली. मंगळवारी शाळेतून निरोप, फळ्यावरचं उतरवून घेत नाही, नुसती बघत बसते, विचारलं तर अंगावर येते. माझी नात कोणाच्या अंगावर येणारी नाही, मैदान सोडलं तर. मुलगा म्हणाला, "परीक्षा आली की यांची नाटकं सुरू."

मी त्या दिवशी तिच्याजवळ बसले आणि माझ्यासाठी पेपर वाचायला सांगितला. रोज वाचते ती मला, माझा चष्मा थकला की. दोन ओळी वाचल्या. मग म्हणाली, "आजी, अक्षरं हलून राहिली." आणि डोळ्यांतून पाणी.

मला काही डॉक्टरी येत नाही. पण दोन अधिक दोन येतं. बाजू विसरली, मॅच विसरली, उलटी, उजेड, आवाज, चिडचिड, आता अक्षरं. जलेबीनं अक्षरं हलत नाहीत. बुधवारी सकाळी मुलगा कामावर गेल्यावर मी तिला रिक्षात घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथं एक डॉक्टरीणबाई होत्या. तरुण, माझ्या सुनेपेक्षा लहान, खानदेशातल्याच. त्यांनी पोरीला बसवलं, डोळ्यांत बॅटरी टाकली, पाच शब्द सांगितले आणि लक्षात ठेव म्हणाल्या. मग एका पायावर उभी केली, डोळे मिटून. जी पोरगी एका पायावर चार जणींना खेळवते, ती टेबलाला धरून राहिली. मग म्हणाल्या, "महिने उलटे सांग. डिसेंबरपासून."

"डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर..." थांबली. "नोव्हेंबर." परत थांबली. पाच शब्दांपैकी दोन आठवले.

"मेंदूला हादरा बसलाय," बाई म्हणाल्या. "कधी लागलं?"

मी सगळं सांगितलं. शिंगांचं पण सांगितलं, खाली मान घालून. त्या हसल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. म्हणाल्या, "आजी, तुम्ही टेकवलं तेवढ्यानं काही झालं नसेल. पण लगेच परत खेळायला पाठवलं आणि ती पुन्हा पडली, ते नको होतं. टक्कर झाल्यावर गोंधळलेलं मूल त्या दिवशी मैदानात परत जात नाही. कोणी कितीही म्हणो. बेशुद्ध पडायलाच पाहिजे असं नाही, आणि टेंगूळ आलं म्हणजे आत ठीक, असंही नाही."

मग माझ्याकडं नीट बघून विचारलं, "आणि ती दुसरी मुलगी?"

अगं माय. चार दिवस झाले होते. चार दिवसांत माझ्या मनात त्या पोरीचा विचार एकदाही आला नव्हता. तिचं डोकं माझ्या याच हातात होतं. मला तिथं बाकावर बसल्या बसल्या स्वतःची अशी शिसारी आली की हात कुठं ठेवावेत कळेना. दापोऱ्याची एक भाजीवाली आमच्या दारावर येते, तिच्याकडून दुपारीच निरोप पाठवला. उत्तर आलं, पोरीचं डोकं ठणकतं, पण आईबरोबर रोज केळीच्या बागेत कामाला जाऊन राहिली. मी दुसऱ्या दिवशी स्वतः गेले, तिच्या आईच्या हाता-पाया पडून त्यांना त्याच डॉक्टरीणबाईंकडं नेलं. तिचं थोडक्यात होतं. दोन आठवड्यांत निघालं. आधी तिची आई माझ्याशी धड बोलत नव्हती, आणि बरोबर होतं तिचं.

आता आमचं ऐका. बाईंनी सांगितलं ते मी कागदावर लिहून घेतलं आणि फ्रिजवर चिकटवलं. पहिले एक-दोन दिवस आराम, पण अंधाऱ्या खोलीत कोंडायचं नाही. घरात, अंगणात चालू दे. मोबाईल, टीव्ही जवळजवळ बंद. झोप येईल तेवढी झोपू दे. मग शाळा अर्धा दिवस. ती झेपली की हळूहळू पळणं, मग एकटीचा सराव, आणि पकडापकडी सगळ्यात शेवटी. एका पायरीवर निदान एक दिवस, आणि डोकं दुखलं की मागची पायरी. उलट्या वाढल्या, डोकं दुखणं वाढतच गेलं, फिट आली, बोलणं अडखळलं, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसली, उठवून उठली नाही, तर एक मिनिट घरी थांबायचं नाही. आणि शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं, "पूर्ण बरी व्हायच्या आत पुन्हा डोक्याला लागलं तर जिवावर येऊ शकतं. मी लिहून दिल्याशिवाय खेळ नाही."

शनिवारी निवड होती.

मुलानं कागद वाचला आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी त्यानं पोरीला नेऊन डोक्याचा सीटी स्कॅन काढून आणला. "बघ आई, नॉर्मल आहे. काहीच नाही आलं." बाईंना मी फोन केला, त्या म्हणाल्या रक्तस्राव नाही हे चांगलं झालं, पण हादरा फोटोत दिसत नाही. मी हे मुलाला सांगितलं तर तो म्हणतो, "फोटोत नाही, बाहेर नाही, मग आहे कुठं? तुझ्या डोक्यात?"

आणि पोरगी! ती पण त्याच्याच बाजूला. मोरीत आंघोळ करताना तिचं पुटपुटणं ऐकू यायचं, "डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, सप्टेंबर..." मला वाटलं, बरी होऊन राहिली. मग कळलं, पाठ करून राहिली. बाईंची परीक्षा पास व्हायला. मी तिला ओरडले नाही. तिच्या जागी मी असते तर मी पण केलं असतं.

शनिवारी सकाळी सर घरी आले. दारातल्या नालीत थुंकले, आत येऊन सोफ्यावर बसले, सुनेनं पोहे दिले ते खाल्ले. बाहेर गाडी उभी, बाकीच्या पोरी त्यात. मला म्हणाले, "अम्मा, रिपोर्ट तो नॉर्मल है."

"रिपोर्ट नॉर्मल आहे, पोरगी नाही," मी म्हणाले.

"अरे अम्मा, दर्द की एक गोली दे देंगे, दो घंटे की बात है." मग पोरीकडं वळून, "क्यों शेरनी? दर्द है?"

"नहीं सर." ताठ उभी. केसांची वेणी घट्ट बांधलेली. तिची आई मागं उभी, हात पदरात.

"देखा?" सर म्हणाले आणि खिशातून फॉर्म काढून मुलासमोर ठेवला. मुलानं पेन घेतलं.

मला त्या क्षणी सगळ्यांची किळस आली. त्या पिवळ्या दातांची, ज्यांतून शेरनी शब्द निघत होता. माझ्या मुलाची, ज्याला मी जन्म दिला आणि जो सहीची जागा शोधत होता. पोह्यांच्या ताटलीची, जी आम्हीच पुढं केली होती. असल्या वेळी मी पूर्वी आत निघून गेले असते. गेले नाही. फॉर्म उचलला आणि पोरीच्या हातात दिला.

"वाच."

"आजी, प्लीज यार."

"मला चष्मा नाही सापडत. तुझ्याच नावाचा कागद आहे, वाच मोठ्यानं. वाचलास तर मी स्वतः तुझी बॅग गाडीत ठेवीन."

तिनं सुरुवात केली. हिंदीत होतं. "मैं अपनी पुत्री को खेल में भाग लेने की सहमति देता हूँ..." पहिली ओळ छान. दुसरीला डोळे बारीक केले. "खेल के दौरान किसी भी प्रकार की चोट के लिए संस्था ज़िम्मेदार नहीं होगी." मग पुढच्या ओळीवर जायचं होतं. "किसी भी प्रकार की चोट के लिए संस्था ज़िम्मेदार..." बोट ठेवलं कागदावर. "संस्था ज़िम्मेदार नहीं होगी." तिसऱ्यांदा. ती त्या ओळीतून बाहेरच निघू शकत नव्हती. अक्षरं तिला सोडत नव्हती, की ती अक्षरांना धरून होती, मला माहीत नाही. चौथ्यांदा "संस्था" म्हणाली आणि डोळ्यांवर हात दाबून मटकन खाली बसली.

मुलगा उठला. तिच्या हातातून कागद घेतला, सरांच्या ताटलीशेजारी ठेवला, उलटा. पेनाचं टोपण लावलं. त्याला टोपण बसवता येत नव्हतं, दोनदा चुकलं. "सर," म्हणाला, "नहीं जाएगी."

सर उठले. जाताना काय म्हणाले असतील? पोरीला बरं वाटू दे? नाही. "तो जर्सी दे दो. दूसरी को पहनानी है." सुनेनं आणून दिली. त्यांनी ती झटकली, गुंडाळून काखेत घातली आणि दारातून मला सुनावलं, "अम्मा, आप ही लोग बेटियों को आगे नहीं बढ़ने देते." आणि नालीत थुंकले. मी त्यांच्या मागं एक बादली पाणी ओतलं. तेवढंच माझ्या हातात होतं.

पोरगी माझ्याशी बोलली नाही. "आजी, तू माझं सगळं खाल्लंस," एवढंच त्या दिवशी, आणि मग काही नाही. मी ताट वाढायची, ती आईकडून वाढून घ्यायची. कागदावरचं सगळं मात्र होत गेलं, कारण आता मुलगा बघत होता. फ्रिजसमोर उभा राहून तो रोज ते वाचायचा, मिलच्या शिफ्टचं टाइमटेबल वाचावं तसं. अर्ध्या शाळेवर आली, एक दिवस पूर्ण शाळेत गेली तर डोकं दुखलं, परत अर्धी. मला वाटलं होतं आठ दिवसांत होईल. महिना गेला. या महिन्यात गल्लीतल्या किती जणांनी विचारलं, "अजून नाही बरी झाली? दिसते तर ठीक!" हातपाय मोडला असता तर याच लोकांनी प्लॅस्टरवर नावं लिहिली असती.

पाचव्या आठवड्यात बाईंनी पळायला परवानगी दिली. दहा मिनिटं, हळू. सकाळी मी तिच्याबरोबर मैदानात गेले. तिला नको होतं, पण मुलानं सांगितलं, आजी येईल. ती माझ्या पुढं वीस पावलं चालली. मी कडेला बसले, जागा बघून. ती पळायला लागली, एक फेरी, दोन फेऱ्या. घाम आला, चेहरा लाल झाला. डोळे बारीक करते का? कपाळ धरते का?

"पुरे गं आता," मी ओरडले, "बस कर!"

ती थांबली नाही. माझ्यासमोरून जाताना मनगटावरचं घड्याळ माझ्याकडं वळवून दाखवलं, आणि महिन्याभरानं पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"दहा सांगितलीत बाईंनी. अजून दोन आहेत."

दोन मिनिटं झाली तेव्हा ती बरोबर थांबली. त्यापुढं एक पाऊल पळाली नाही.